अटोसाला कॅन्सर होता का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. व्याख्यान इराणच्या सायरस सम्राटावर असो की ग्रीकांवर, प्रश्नोत्तरांत कुणीतरी उठतंच: ‘मॅडम, अटोसा राणीला ब्रेस्ट कॅन्सर होता ना? मग तुम्ही तसं ठामपणे का म्हणत नाही?’ विचारणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना माझं ऑपरेशन ठाऊक असतं. मी विषय टाळते, असा त्यांचा समज.

टाळत नाही हो. पुरावाच तेवढा नाही. अटोसा म्हणजे सायरसची मुलगी, इराणचा सम्राट दरायसची राणी. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस म्हणतो, तिच्या स्तनावर गाठ आली, फुटली आणि पसरत गेली. लहान होती तोवर तिनं लाजेपोटी लपवली. फारच वाढल्यावर क्रोटोनच्या डेमोसिडीस या ग्रीक वैद्याला बोलावलं. शिकारीत दुखावलेला दरायसचा पाय बरा करणारा तो हाच. ‘मी मागेन ते द्याल’ अशी शपथ त्यानं आधी घ्यायला लावली, मग तिला बरं केलं. कशानं, ते हिरोडोटस सांगत नाही. त्याला औषधात रस नाहीच. वैद्याला मायदेशी पळायचं होतं, म्हणून राणीनं शय्येवर दरायसच्या मनात ग्रीसची स्वारी भरवली, हे त्याला सांगायचंय. फुटून पसरलेला कॅन्सर त्या काळात बरा होईल? चिघळलेलं गळू असेल तर पटतं.

हेच मी रुग्णांच्या एका मेळाव्यात बोलले. बॅनरवर ‘इतिहासातली पहिली कॅन्सरविजेती’ असं छापलं होतं, त्यामुळे माझं डोकं आधीच तापलेलं. चहाच्या वेळी डोक्याला स्कार्फ बांधलेली एक बाई जवळ आली. केमो चालू असावी, नखं काळवंडली होती. म्हणाली, ‘मॅडम, तुमचं खरं असेल. पण तिनं लपवली होती, एवढं तरी खरं ना? मी पावसाळाभर अंगावर काढलं. सासूबाईंना काय सांगू, डॉक्टरांना काय दाखवू, असं वाटायचं. राणीलाही तसंच झालं हे ऐकून जरा बरं वाटलं होतं.’ मी म्हणाले, ‘तेही हिरोडोटसचंच म्हणणं. त्याला राणीच्या मनातलं कुठून कळणार?’ ‘बरं’ म्हणून तिनं कप टेबलावर ठेवला. दुसऱ्या सत्रात तिची खुर्ची रिकामी होती.

उत्तर बरोबर होतं. आजही तेच देईन, कदाचित आवाज खाली ठेवून.

एम.ए.ला असताना मी या लाजेवर तावातावानं वाद घातला होता. हाच हिरोडोटस पुढे म्हणतो की सगळी सत्ता अटोसाच्या हातात होती. पर्सेपोलिस या इराणी राजधानीत सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर राजघराण्यातल्या बायकांचे हुकूम आहेत, जमिनी आहेत, प्रवास आहेत. अटोसाच्या बहिणीला, अर्टिस्टोनला, दरायस 100 मेंढ्या द्यायला सांगतो. अशा घरातली बाई लाजून गप्प बसेल? ग्रीक पुरुषाची कल्पना, दुसरं काय!

पण माझी गाठ हाताला लागली तेव्हा मी विभागप्रमुख होते, मीटिंगांमध्ये लोकांना गप्प करत होते. आणि घरी? दिवाळी होऊन जाऊ दे, म्हटलं. मग भाचीचं लग्न. लाज होती की भीती, अजून सांगता येत नाही. म्हणजे सत्ता असलेली बाईही लपवू शकते. पण मी लपवली म्हणून अटोसानंही लपवलीच असेल, हा काही पुरावा झाला नाही. एम.ए.वाली मी हे ऐकून हसली असती. हसू दे.

तर कॅन्सर होता का? होता म्हणणार नाही, नव्हता असंही लिहून देणार नाही. आणि एकदा तरी कुणी तिच्या मुलाचं, झर्क्सिसचं विचारा ना! दरायस राजा व्हायच्या आधी झालेला थोरला मुलगा आर्टोबझानिस बाजूला राहिला आणि गादी अटोसाच्या मुलाला मिळाली. ‘वडिलांनी मला आपल्यामागे सर्वांत मोठं केलं,’ असं झर्क्सिस शिलालेखात कोरून ठेवतो. त्यात आईचं नावसुद्धा नाही. त्यावर मी तासभर बोलेन.