चार अडकलेली काडतुसं

नागपुरात मे महिन्यात फायरिंग सकाळी सहाला सुरू करून साडेनऊच्या आत आटोपावं लागतं. नंतर उन्हात ठेवलेली स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, उघड्या हाताने ओढवत नाही, आणि घामाने पकड सुटते. त्या दिवशी मात्र दुपारचा दीड वाजला, कारण तीन पिस्तुलांतून एक निवडायचं होतं आणि कमिटीला त्याच दिवशी सही करायची होती.

मी आर्मरर. हत्यार तपासून द्यायचं, परत तपासून घ्यायचं, झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या मोजायच्या. निवड माझ्या हातात नसते.

मागणी फुल साइज ९ मिमीची होती. फुल साइज म्हणजे नळी साधारण ११४ ते १२५ मिमी, पकडीवर चारही बोटं बसतील एवढी मूठ आणि मॅगझिनमध्ये १३ ते १७ राऊंड, म्हणजे काडतुसं. वजनदार पिस्तूल कशाला, असं बरेच जण विचारतात. लांब आणि जड स्लाइड मागे जाऊन परत यायला थोडा जास्त वेळ घेते. तेवढ्या वेळात मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर ढकलून जागेवर आणायचं असतं. छोट्या पिस्तुलात स्लाइडचा प्रवास कमी, ती परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग कडक आणि हा वेळ फारच थोडा. थोडा मळ, थोडी सैल मनगटाची पकड छोटं पिस्तूल सोसत नाही, मोठं बरंच सोसतं. भरवशाचं पिस्तूल हवं असेल तर मी आजही मोठंच सांगतो.

प्रकार वेगवेगळे आहेत. आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेलं ईशापूरचं ९ मिमी ऑटो १ए ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं. तेरा राऊंड, सिंगल ॲक्शन, म्हणजे पहिल्या गोळीला घोडा (मागचा हातोडा) हाताने चढवलेला हवा. मॅगझिन काढलं की चाप चालतच नाही. ती सोय चांगली वाटते, पण तिच्या यंत्रणेचं घर्षण चापात येतं आणि मॅगझिन आपोआप खाली पडत नाही. बेरेटा ९२ जातीच्या पिस्तुलात पहिली गोळी लांब, जड चापाने सुटते आणि पुढच्या हलक्या चापाने. नव्या पोराला हा बदल शिकवायला वेळ लागतो, त्याच्या पहिल्या गोळ्या हमखास खाली जातात. ग्लॉक १७ मध्ये घोडाच नाही. आतला स्ट्रायकर, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणारी खीळ, आणि प्रत्येक गोळीला तोच साधारण अडीच किलोचा चाप. पण ते खोलताना चाप दाबावा लागतो. म्हणून मॅगझिन आधी बाहेर, मग स्लाइड ओढून चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, डोळ्याने आणि बोटाने तपासायचा, मगच चापाला हात लावायचा. हा क्रम उलटा झाला की अपघात ठरलेला.

त्या दिवशी तीन पिस्तुलं होती. त्यांची नावं लिहीत नाही. प्रत्येकासोबत तीन मॅगझिन, प्रत्येक पिस्तुलाला २०० राऊंड, एकूण ६००. पहिलं साफ चाललं. तिसऱ्यात एकदा पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकली. चालवणाऱ्या शिपायाचं मनगट सैल होतं, दुसऱ्याच्या हातात तेच पिस्तूल नीट चाललं. दुसऱ्या नंबरच्या पिस्तुलात मात्र चार वेळा काडतूस चेंबरच्या तोंडाशी वाकडं होऊन अडकलं. चारही वेळा जिवंत, म्हणजे न झाडलेलं.

"काहून अटकते हे?" शिपाई म्हणाला. कमिटीतल्या एका साहेबांनी आकडा मांडला, दोनशेत चार म्हणजे दोन टक्के, बाद. हिशेब बरोबर होता. ड्युटीचं पिस्तूल दोनशेत एकदाही अडकू नये, हे मीही सांगतो. कागद तिथेच भरला गेला.

मग पुंगळ्यांची मोजणी. ६०० तून अडकलेली ४ वजा, ५९६ यायला हव्यात. आल्या ५९५. एक सापडेपर्यंत कोणी हलत नाही. ती सापडली ताडपत्रीच्या घडीत, पण तोपर्यंत माझ्या हातात ती चार काडतुसं होती आणि दुसरं काही काम नव्हतं.

त्यांना टेबलावर रांगेत ठेवलं. चौघांच्याही पितळेवर उजव्या अंगाला, बुडापासून थोडं वर, एकसारखा बारीक ओरखडा. गोळीच्या नाकावर डाव्या वरच्या बाजूला चेपल्याची खूण. लांबी मोजायचं व्हर्नियर लावलं तर चौघांतही गोळी पुंगळीत आत सरकलेली. ९ मिमीचं काडतूस जास्तीत जास्त २९.६९ मिमी लांब असतं, आणि एकाच खोक्यातली काडतुसं एकमेकांपासून फारशी वेगळी नसतात. ही चार आपल्या खोक्यातल्या भावंडांपेक्षा जवळजवळ एक मिमी आखूड होती. असं काडतूस परत भरायचं नाही. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो.

पिस्तुलाची चूक असती तर खुणा अशा आल्या नसत्या. चेंबर साफ होता. नळी काढून त्यात नवं काडतूस सोडलं, ते टक् करून बसलं, बोटाने फिरलं आणि नळी उलटी केली तसं स्वतःच्या वजनाने बाहेर आलं. पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली मळ नव्हता, काडतूस त्यात धरून हलवलं तरी सुटलं नाही.

मग तिन्ही मॅगझिन तोंडाकडून पाहिली. काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या दोन पत्र्यांना आम्ही लिप म्हणतो. एका मॅगझिनची उजवी लिप डोळ्याला दिसेल न दिसेल एवढी बाहेर वळलेली, कडेला बारीक कंगोरा. बाकी दोन्हींपेक्षा फट ०.४ मिमी जास्त. भरलेलं मॅगझिन सिमेंटवर तोंडावर पडलं की असंच होतं. काडतूस त्या बाजूने वर उचललं जातं, नाक तिरपं होऊन चेंबरच्या विरुद्ध कडेवर आपटतं. दारू नसलेले डमी राऊंड भरून हाताने स्लाइड चालवली, तिसऱ्याच वेळी अडकलं आणि डमीवर तोच ओरखडा. दुसऱ्या दोन मॅगझिनांनी दहा-दहा वेळा काहीच केलं नाही.

मॅगझिनवर नंबर टाकलेले नव्हते. असते तर तिसऱ्या अडकण्यालाच कळलं असतं. मॅगझिन बदललं की दोष जातो का, की मॅगझिनबरोबर फिरतो, ही पहिली चाचणी असते. पिस्तूल निवडताना लोक नळी बघतात, नाव बघतात, रिकामा चाप दाबून "हलका आहे" म्हणतात. मॅगझिन कोणी बघत नाही. शेवटच्या राऊंडनंतर स्लाइड मागे अडकून राहत नसेल तर बहुतेक वेळा मॅगझिनची स्प्रिंग थकलेली असते, तरी शिवी पिस्तुलालाच पडते. रिकॉइल स्प्रिंगचं तसंच. तीन ते पाच हजार राऊंडांनी ती बदलायची, पण किती राऊंड झाले याची वहीच नसेल तर कधी बदलणार? आणि उन्हाळ्यात तेल ओतून ठेवलं की धूळ लागून त्याचा चिखल होतो. स्लाइड सरकते त्या रेल्सवर एकेक थेंब, नळीच्या बाहेरून एक बोट पुसून, स्ट्रायकरची वाट कोरडी. एवढंच.

परवानाधारक नागरिकही विचारतात. ९ मिमी त्यांना मिळत नाही, तो प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. त्यांच्या वाट्याला .३२ येतं. त्यांनाही हेच सांगतो, किमान दोन मॅगझिन घ्या, दोन्हींवर खूण करा आणि वर्षाच्या कोट्यातली काडतुसं कपाटात जपून न ठेवता त्यातली काही तरी रेंजवर चालवा.

संध्याकाळी मी साहेबांना फोन केला. "सर, पिस्तूल चांगलं आहे, मॅगझिन वाकडं आहे," म्हटलं. ते म्हणाले, "अहो, कागद गेला." मी टिपण लिहून दिलं, चार काडतुसांचे आणि लिपचे फोटो लावले, त्याच पिस्तुलाला नव्या मॅगझिनांसह २०० राऊंड परत मागितले. उत्तर आलेलं नाही.

ते मॅगझिन लाल रंगाचा पट्टा मारून वेगळ्या कप्प्यात ठेवलंय. बाकी सगळ्या मॅगझिनांवर आता तळाला पांढऱ्या रंगाने नंबर आहेत.