आजोबांची राजदूत

एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल एम 11 या मोटारसायकलच्या रचनेवर बनवलेली राजदूत 175 सीसीची म्हणून ओळखली जाई, पण तिची ताकद जेमतेम 9 अश्वशक्तीच्या आसपासची होती. तरीही दुधाचे कॅन लादून ती खेडोपाडी वर्षानुवर्षे धावली. आजोबांची राजदूत गोठ्यातून बाहेर काढली, तेव्हा मला स्पॅनर कसा धरावा हेही नीट येत नव्हते.

पहिल्या महिन्यात मी कार्बोरेटर दोनदा साफ केला, प्लग बदलला, ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट घासले, तरी चढावर गाडी धापा टाकतच होती. शेवटी सायलेन्सर उतरवला. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळत असल्याने त्याचा कार्बन धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर साचतो. इथे तो इतका साचला होता की, जिथे अंगठा सहज जायला हवा तिथे करंगळीही जाईना. पिस्टन खाली घेऊन, ओरखडा उठू नये म्हणून लाकडी पट्टीने ते काळे, चिवट पापुद्रे खरवडण्यात अख्खा रविवार गेला.

संध्याकाळी तिसऱ्या किकला ती सुरू झाली आणि तो ओळखीचा फटफटाट ऐकून आजी ओसरीवर आली.