निंबाखाली तीन कॅन

कापूस वेचणी आटोपली. दारव्ह्याजवळच्या वावरात, धुऱ्यावरच्या निंबाखाली बसलो. मामेभावानं पुण्याहून आयपीए या कडवट बिअरचे तीन प्रकार आणले होते. "घाई नको दादा, आधी वास घे," म्हणाला.

पहिली वेस्ट कोस्ट. पाडव्याच्या निंबपाल्यासारखी कडू, मागून मात्र संत्र्याच्या सालीचा वास! दोन वर्षांपूर्वी हीच चव मी थुंकून टाकली होती. दुसरी हेझी: गढूळ, पिकल्या आंब्याच्या वासाची. यात बहुतेक हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा अन् वास देणारी फुलं, उकळी संपल्यावर टाकतात, म्हणून वास राहतो अन् कडूपणा कमी उतरतो. तिसरी डबल, 8 टक्के अल्कोहोलची. दोन घोट पुरे झाले.

मग पुन्हा पहिलीकडे वळलो, तर तोच कडूपणा हवासा वाटला. सोबत फुटाणे उत्तम. ठेचा नको, तिखट आणखी झोंबतं.