माल येतो, माणूस येत नाही

माझ्या कार्डावर ‘कृषी वार्ताहर’ लिहिलंय आणि खाली पत्ता कोपरखैरणे, नवी मुंबई. जुन्नर-निफाडकडे कार्ड पुढे केलं की समोरचा हमखास विचारतो, “ताई, तिकडं कसली आलीय शेती?” पूर्वी मी समजावत बसायचे. नवी मुंबईसाठी ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यात आमचीही खाचरं होती. खाडीचं पाणी बांधाबाहेर राखायचं आणि बांध फुटला की पुढची काही वर्षं भाताचं नाव काढायचं नाही, अशी ती शेती. आता एवढंच म्हणते, “शेती तुमची, भाव आमच्याकडे.” हे लगेच पटतं.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लिहायला बसले की आधी आपला वर्ग आठवतो. त्याच्या एका खिडकीतून तेव्हा उरलीसुरली भातशेती दिसायची, दुसरीतून इमारतींचे सांगाडे. बाकावर आम्ही आगरी-कोळ्यांची पोरं आणि शेजारी माथाडी कामगारांची, बहुतेक सातारकडची. इतिहासाच्या बाईंनी पुस्तकात नसलेला चरी गावचा शेतकरी संप सांगितला तो याच वर्गात. खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत म्हणून अलिबागकडच्या कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत नांगर धरला नाही. त्यांचे पुढारी नारायण नागू पाटील यांनी १९३७ साली ‘कृषीवल’ काढलं. शेतकऱ्याचं स्वतःचं वर्तमानपत्र असू शकतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. आजी उगाच नाही पुढे म्हणाली, “आपली गेली, आता दुसऱ्याची लिव.”

पण धंद्याला खरं लावलं ते भूगोलाच्या सरांनी. सूचनाफलकाच्या कोपऱ्यात रोज कांद्याचा भाव लिहायचा, अशी त्यांची टूम होती. भाव आणायचा वर्गमित्राने, त्याचे वडील वाशीच्या घाऊक मार्केटात पाठीवर गोणी वाहायचे, अक्षर माझं. भाव चढला की सर विचारत, “का?” आम्ही म्हणायचो, पाऊस पडला. मग सुरू व्हायचं. कुठे पडला? तेव्हा कांदा रोपात होता, शेतात होता की साठवणीच्या चाळीत? पत्रकारितेच्या पदविकेत मला यापेक्षा चांगला प्रश्न कुणी विचारला नाही.

मधली वर्षं सगळ्यांसारखी. कॉलेज, ठाण्याच्या एका दैनिकात उमेदवारी, पालिकेच्या सभा, पाणीटंचाई. शेतीला आठवड्यातून एक पान, तेही जाहिरात आली की उडायचं. २००५ मध्ये ‘अ‍ॅग्रोवन’ सुरू झालं आणि निव्वळ शेतीवर रोजचं अख्खं दैनिक चालू शकतं हे संपादक मंडळींना दिसलं. मला बाजारभावाचं काम मिळालं ते इतर कुणी पहाटे उठायला तयार नव्हतं म्हणून.

वाशीचं मार्केट पहाटेच बघावं. भाजीपाला आणि फळं १९९६ मध्ये मुंबईतून इकडे आली. कांदा-बटाटा त्याआधीच आला होता. ट्रकचं फाळकं पडतं, माथाडी “बाजू, ताई, बाजू” करत अंगावरूनच जातात. गाळ्यावर एक गोणी रिकामी होते. खरेदीदार मूठभर कांदे उचलतो, मान दाबून बघतो. मान ओली असली तर माल टिकणार नाही. मग पत्ती, म्हणजे वरची साल, चोळून बघतो. डबल पत्तीच्या मालाला वेगळा भाव, गोल्टीला, म्हणजे बारक्या कांद्याला, वेगळा. आंब्याच्या हंगामात फळबाजारात याहून गंमत. दोघांच्या हातांवर रुमाल पडतो आणि त्याखाली बोटं दाबून पेटीचा भाव ठरतो. बाहेर उभ्या वार्ताहराला दिसतो फक्त रुमाल. आकडेही सरळ नसतात. लासलगावचा भाव क्विंटलचा, वाशीचा दहा किलोचा, कोथिंबिरीचा शेकडा जुड्यांचा. गणिताच्या बाईंना सांगायला हवं, त्रैराशिक रोज लागतं.

या सगळ्या गर्दीत ज्याचा माल, तो बहुतेकदा नसतो. माल ट्रकने येतो, शेतकऱ्याकडे परत जाते ती पट्टी. अरुंद कागद, वर वजन आणि दर, खाली हमाली, तोलाई, भाडं. आडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या अडत्याचं कमिशन, तीही त्यातच असायची. जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीच्या बंधनातून सुटला, तेव्हा ती खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा किलोला एक रुपयाने गेला आणि खर्च वजा जाता शेतकऱ्याच्या हाती २ रुपयांचा चेक पडला, ते साऱ्या देशाने वाचलं. मला त्यात नवल वाटलं नाही, कारण अशा पट्ट्या लोक मला दाखवायला आणतात. माझं काम एवढंच, की जो तिथे नव्हता त्याला तिथे काय झालं ते कळावं.

माझ्याच व्यवसायावर माझा राग आहे तो इथे. कांदा महागला की पहिलं पान, गृहिणीचा फोटो, बजेट कोलमडलं. पडला की आत कुठेतरी चार ओळी. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि मे २०२४ मध्ये उठली. मधल्या महिन्यांत शहरी पानांवर चाळीतल्या कांद्याचं काय झालं ते शोधून बघा.

सुवर्णमहोत्सवी वर्षात आठवी-नववीच्या मुलांना मार्केट दाखवायचं असेल तर मी बरोबर येते. पहाटे चारला निघावं लागेल. चपला नकोत, बूट घालून या, पायाखाली पाला असतो. आणि निघायच्या आदल्या दिवशी फलकावर कांद्याचा भाव लिहून ठेवा, क्विंटलचा की दहा किलोचा ते मात्र स्पष्ट लिहा.