खेळू कसं दिलंस? तुम्ही विचारलंत म्हणून

"एवढं छान बास्केटबॉल खेळत होता गं मुलगा तुझा. ते सोडून त्या डोकी आपटायच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये जाऊ कसं दिलंस?" जावेनं विचारलं, पुण्याच्या मावशीनं विचारलं. इथे अमेरिकेत, ओहायोतल्या ॲक्रनमध्ये, मंडळाच्या गणपतीत तर नावही माहीत नसलेल्या एका बाईंनी प्रसादाची वाटी हातात देता देता विचारलं. दर वेळी मी "त्याचा निर्णय होता" म्हणून विषय संपवते. ते पूर्ण खरं नाही.

आधी ते 'सोडून' काढून टाका. बास्केटबॉलमध्ये त्याला पुढे जागाच नव्हती. सहा फूट चार इंच उंची आपल्या घरात दाराला लागते, पण बास्केटखाली खेळणारा म्हणून एनबीएत, इथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, ती बुटकी ठरते. लांबून नेम धरणं त्याला कधीच जमलं नाही. कॉलेजची चार वर्षं त्यानं एकच काम केलं. समोरच्याला पाठीनं रेटून धरायचं आणि रिबाउंड, म्हणजे नेम हुकून परत उडालेला चेंडू, काढायचा. गर्दीत अंग आडवं घालून उंचावरचा चेंडू काढणारा असा माणूस फुटबॉलमध्ये टाइट एंड म्हणून हवा असतो, म्हणजे चेंडू झेलणारा आणि समोरच्याला अडवणाराही.

आणि हे त्याला मी सांगितलं. मी अकाउंटंट आहे. जेवणाच्या टेबलावर विजेच्या बिलामागे मीच मांडून दाखवलं. एनबीएचे ३० संघ, प्रत्येकी १५ खेळाडू, म्हणजे ४५० जागा. फुटबॉलच्या लीगचे, एनएफएलचे, ३२ संघ, प्रत्येकी ५३, म्हणजे १,६९६. शिवाय अँटोनियो गेट्स होताच. तो ज्या केंट स्टेट विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळला ते आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. कॉलेजात फुटबॉलचा एकही सामना न खेळता २००३ मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांच्या वार्षिक निवडीत, कुणी न घेतलेला तो एनएफएलच्या चार्जर्स संघात गेला, ११६ वेळा चेंडू गोलरेषेपार पोचवून टचडाउन केलं, आणि २०२५ मध्ये इथेच कँटनच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, दिग्गजांच्या पंगतीत, बसला. उंची सहा फूट चार इंच. मला वाटलं, देवानंच माप धाडलंय.

गेट्स डेट्रॉइटला शाळेत फुटबॉल खेळलेला होता. आमचा एक दिवसही नाही. हे मी तेव्हाच वाचलं होतं, आणि त्याला सांगितलं नाही.

चेंडू झेलणं त्याला आठवड्यात आलं. अडलं ते ब्लॉकिंगला. एक हात जमिनीला टेकवून वाकायचं आणि सव्वाशे किलोच्या माणसाच्या छातीखाली शिरून त्याला मागे ढकलायचं. जो खाली राहील तो जिंकतो. बास्केटबॉलवाल्याचं शरीर उंच व्हायला शिकलेलं असतं, ते धडकेच्या क्षणी आपोआप उभं राहतं. गॅरेजमध्ये ह्यांनी पाहुण्यांच्या खोलीतली गादी छातीशी धरायची आणि त्यानं धडकायचं, असं पूर्ण हिवाळाभर चाललं. मेमध्ये एनएफएलच्या एका संघाचा तीन दिवसांचा ट्रायआउट, म्हणजे निवडचाचणी, झाला, करार मिळाला, आणि नव्वद जणांच्या कॅम्पमध्ये तो गेला. मी पेढे वाटले. तुम्हीही खाल्लेत.

ऑगस्टमधला तो सराव सामना तुम्ही टीव्हीवर पाहिलात. मी स्टँडमध्ये होते. चौथा क्वार्टर, नवख्यांना सोडतात तेव्हाचा. तो वाकला, निघाला, आणि धडकेआधी अर्धा क्षण उंच झाला. समोरच्याचं हेल्मेट त्याच्या हनुवटीखाली लागलं. तो पडला, लगेच उठलाही. मी टाळ्या वाजवल्या. मग तो चालायला लागला तो समोरच्या संघाच्या बाकाकडे. दोन पावलं, तीन पावलं. कुणीतरी दंडाला धरून वळवलं.

कडेला निळा तंबू असतो, आत डॉक्टर तपासतात. तो आत गेला आणि कापड खाली आलं. हे म्हणाले, "पाणी प्यायला नेलं असेल." मी काहीच बोलले नाही. धावफलकावरचं घड्याळ थांबत, चालत होतं, म्हणून मी मनगटावरचं बघत राहिले. नऊ मिनिटं. तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरत होता. फॅमिली ग्रुपवर तुमचे सगळ्यांचे अंगठे, टाळ्या, "दिसला, दिसला!" तो बाहेर आला तेव्हा डोकं उघडं होतं आणि हेल्मेट दुसऱ्याच माणसाच्या हातात. खेळाडू पुन्हा मैदानात पळू नये म्हणून ते काढून घेतात.

सामन्यानंतर मला बघून तो हसला. म्हणाला, "आई, तू कधी आलीस?"

सकाळी मीच त्याला हॉटेलात पोहे भरवले होते. डब्यातून नेलेले.

दहा दिवसांनी सकाळी त्याला संघाकडून फोन आला, टॅबलेट घेऊन वर ये. डावपेच त्या टॅबलेटमध्ये असतात, तो परत मागितला की कळतं. दुखापतीची भरपाई देऊन मोकळं केलं.

आता म्हणाल, बघ, आम्ही सांगत होतो. दहीहंडीला सातव्या थरावर चढणाऱ्या पोराच्या आईला तुम्ही विचारता का? लोकलच्या दारात लटकणाऱ्याच्या? हे मी तावातावानं बोलते, आणि बोलता बोलता कळतं की ते उत्तर नाही. बॉस्टनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दान आलेले मेंदू तपासले, तेव्हा एनएफएलच्या १११ खेळाडूंपैकी ११० जणांत डोक्यावरच्या वारंवार आघातांनी होणारा मेंदूचा आजार निघाला. ज्यांच्या घरच्यांना शंका होती त्यांचेच मेंदू जास्त आले असणार, हा आकडा सगळ्यांना लावता येत नाही, एवढं मला कळतं. पण बिलामागे तो मी लिहिला नव्हता. जागा मोजल्या, धडका मोजल्या नाहीत.

तरी त्याला विचारलं तर म्हणतो, ते तीन महिने कुणीही माझ्याकडून परत घेऊ शकत नाही. तो खोटं बोलत नाही, डोळ्यांत दिसतं. आज पुन्हा तो टेबलावर बसला, तर मी बिल उलटं करीन की नाही? रोज वेगळं उत्तर येतं.

डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सगळं ठीक म्हणून सांगितलं. काल संध्याकाळी कणीक मळत होते, तर गॅरेजमधून गादीवर धप्प आवाज आला. मग ह्यांचा आवाज, "खाली. अजून खाली." मी हात तसेच पिठात ठेवून उभी राहिले, दार उघडायला गेले नाही.