रबरी रिंग आणि रेंजवरचे आजोबा

शनिवारी क्ले शूटिंगच्या (हवेत उडवलेल्या चकत्या, म्हणजे क्ले, फोडायच्या) रेंजवर माझी गॅसवाली सेमी-ऑटो शॉटगन अचानक रुसली. हिच्यात बाराचा थोडा गॅस नळीच्या भोकांतून पिस्टनवर जातो आणि पिस्टन बोल्टला, म्हणजे रिकामं काडतूस काढून नवं भरणाऱ्या सरकत्या भागाला, मागे ढकलतो. बार निघायचा पण बोल्ट अर्ध्यातच थांबायचा आणि रिकामं काडतूस आतच अडकायचं. शेजारचे एक गोरे आजोबा न बोलावता आले, बंदूक रिकामी आहे ना ते आधी दोघांनी बघितलं, मग त्यांनी फोरएंड (नळीखालची पकड) काढून आतल्या मॅगझिन ट्यूबवरून, म्हणजे काडतुसं साठवणाऱ्या ट्यूबवरून, बोट फिरवलं. रबरी रिंग चिरली होती, त्यामुळे गॅस निसटत होता. त्यांनी खिशातून नवी रिंग काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली, बस्स. आपल्याकडे अनोळखी माणसाला कोणी मदत करत नाही असं अजिबात नाही हां, पण इथे माझ्या वाट्याला हे पहिल्यांदाच आलं आणि मला भरून आलं.

त्यांच्या स्वतःच्या हातात होती ब्राउनिंग ऑटो-५, म्हणजे जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, 1902 पासून बनायला लागलेलं. तिच्यात नळी आणि बोल्ट एकमेकांना धरून मागे येतात, मग बोल्ट थांबतो, नळी पुढे जाते, रिकामं काडतूस उडतं. हलकं काडतूस वापरायचं की जड, त्याप्रमाणे आतली फ्रिक्शन रिंग (घर्षणाने धक्का आवरणारी) हाताने हलवायची. शंभर वर्षांपूर्वी एवढा विचार!

इनर्शियावाली पण मी चार वर्षं वापरलीये. तिच्यात गॅस घेतच नाहीत. धक्क्याने अख्खी बंदूक मागे येते, बोल्टचं जड अंग जागीच राहू बघतं, मधली जाड स्प्रिंग दबते आणि उसळून बोल्ट मागे फेकते. पार्ट कमी, काजळी जवळजवळ नाहीच. पण बंदूक मोकळेपणाने मागे यायला हवी, नाहीतर 24 ग्रॅम छऱ्यांच्या हलक्या काडतुसांवर ती अडखळते.

आमच्या ग्रुपमधले सगळे इनर्शियाच्याच बाजूचे. 'तू घासत बस,' म्हणतात. हो, बसतो! पिस्टनवरची काजळी सॉल्व्हंटमध्ये भिजवायची, नळीच्या खालची दोन बारीक भोकं पाइप क्लीनरने मोकळी करायची, ट्यूब पुसून कोरडी करायची, तेल अगदी नावाला लावायचं कारण जास्त झालं की तिथेच चिखल होतो. अर्धा तास जातो, मान्य. पण गॅसवालीत धक्का एकदम न बसता पसरून येतो, आणि शंभर क्ले झाल्यावर उजवा खांदा दुखलाच तर तो माझा दुखणार, त्यांचा नाही. शिवाय दुसरा बार काढताना नळी फारशी उचललेली नसते, नेम लवकर लागतो. ज्यांना साफसफाईचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल इनर्शिया घ्यावी, वाईट नाहीच ती, पण गॅसवाली म्हणजे कटकट असं मला सांगू नये. रिंग चिरली ती माझ्या आळसाने, तीन सीझन मी ती बदललीच नव्हती.

कालच डझनभर रिंगा मागवल्यात. आजोबांचं नाव विचारायचं राहून गेलं, पण ते दर शनिवारी येतात म्हणे, त्यातल्या दोन त्यांच्या खिशात टाकणार आहे.