हॉटेलात ‘ग्लूटेन’ म्हणू नका

‘ग्लूटेन-फ्री काय आहे?’ असं विचारलं की वेटर एक तर मान डोलावतो, नाही तर सॅलड सुचवतो. ग्लूटेन म्हणजे गहू, बार्लीसारख्या धान्यांतलं प्रथिन. ‘गहू चालत नाही’ म्हटलं तरी फार फरक पडत नाही, कारण हॉटेलच्या बोलीत गहू म्हणजे चपाती. मैदा हा मैदा असतो आणि रवा हा रवा. उपम्यात गहू आहे का विचारा, ‘नाही साहेब, रव्याचा आहे’ असंच उत्तर येईल, आणि देणारा अगदी प्रामाणिक असेल. म्हणून सीलिॲक, म्हणजे ग्लूटेन न चालण्याचा आजार, असलेल्याने नावं घेऊन विचारायचं: कणीक, मैदा, रवा, शेवया, ब्रेडचा चुरा, हिंग, सोया सॉस. ते झालं की तवा आणि तेल.

सीलिॲक ही ॲलर्जी नव्हे; ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. पण हॉटेलात बिनदिक्कत ‘ॲलर्जी’ म्हणा. तो शब्द कळतो आणि थोडा धाकही बसतो. ‘डाएट’ हा शब्द मात्र चुकूनही काढू नका. डाएटवाल्याला थोडंसं चालतं, असं सगळ्यांनाच वाटतं.

थोडंसं म्हणजे किती, हे एकदा समजून घेतलेलं बरं. दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन गेलं तर बहुतेकांच्या आतड्याला इजा होत नाही. रोज 50 मिलिग्रॅम गेलं तर काही महिन्यांत होते. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन धरला, तर 10 मिलिग्रॅम म्हणजे 100 मिलिग्रॅम पीठ, जेमतेम एक चिमूट. पोळी लाटताना ओट्यावर याहून जास्त पीठ उडतं. भाजून किंवा तळून ते नाहीसं होत नाही. लक्षणं दिसली नाहीत म्हणजे चाललं, असंही नाही.

उडप्याकडे गेलो की सुटलो, हा सर्वात लाडका गैरसमज. इडली तांदूळ-उडदाची, म्हणून ठीक (रवा इडली सोडून). डोशाचं पीठही ठीक, मात्र कुरकुरीतपणासाठी त्यात रवा किंवा मैदा घातलाय का, हे विचारायलाच हवं. मेदूवड्याचंही तेच. खरी अडचण तव्याची. मोठ्या तव्यावर एका बाजूला साधा डोसा, शेजारी रवा डोसा, आणि रवा डोशाचं पातळ पीठ तर वरून फेकूनच घालतात, ते इकडेतिकडे उडतं. मग पाणी शिंपडून छोट्या झाडूने तवा पुसतात. तोच झाडू, तेच उलथनं, सगळ्या डोशांना. त्यामुळे पाणी मारलेला तवा स्वच्छ दिसतो, पण धुतलेला नसतो. उपाय दोन: सकाळी तवा तापल्यावरचा पहिला डोसा मागा, किंवा वेगळ्या नॉनस्टिक पॅनवर करून घ्या. हे दोन्ही जमत नसेल तर इडली घ्या.

आणि सांबार. आपल्याकडची बांधानी हिंग म्हणजे शुद्ध हिंग नसते. त्यात डिंक आणि पीठ असतं, बहुतेक वेळा गव्हाचं. ढोबळ हिशेब मांडू. 10 लिटर सांबारात 5 ग्रॅम हिंग पडली आणि तिच्यात निम्मा मैदा असला, तर अडीच ग्रॅम मैदा, म्हणजे 250 मिलिग्रॅम ग्लूटेन. लिटरला 25. ‘ग्लूटेन-फ्री’ लेबलसाठी आपल्याकडची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम आहे, म्हणजे हे सांबार त्यात बसत नाही. 150 मिलीच्या एका वाटीत चार मिलिग्रॅमला थोडं कमी. तिसऱ्या वाटीला तुम्ही 10 ओलांडता. आणि सांबाराची तिसरी वाटी कोणी मोजत नाही. ओल्या नारळाची चटणी, तीही फोडणीशिवाय, हा सुरक्षित जोडीदार. तांदळाच्या पिठाची हिंग बाजारात मिळते, पण हॉटेलच्या भटारखान्यात कोणती आहे हे डबा बघितल्याशिवाय धरू नका.

मराठी थाळीत भाकरी दिसली की हायसं वाटतं. ज्वारीची भाकरी लाटून करत असतील तर ती तुटू नये म्हणून त्यात कणीक मिसळलेली असू शकते. थापलेली असली तरी परातीत आणि तव्यावर पोळीचं पीठ असतंच. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. पापड तांदळाचा असला तरी त्याच कढईत गव्हाची कुरडई तळलेली असते. मिसळीतल्या फरसाणात मैदा असू शकतो. थाळीचं आणखी एक दुखणं म्हणजे वाढपी: ज्या हाताने पोळी वाढली त्याच हाताने भाताचा डाव. थाळी टाळा, भात, पिठलं, भाजी वेगवेगळी मागवा आणि फोडणीत हिंग नको म्हणून सांगा.

मालवणी किंवा गोव्याच्या हॉटेलात सुरमईपेक्षा तिच्यावरच्या रव्याची चौकशी आधी. तांदळाच्या पिठात घोळवून देतात, सांगितलं तर. पण रव्याच्या ताटलीतच वरून तांदळाचं पीठ पसरून काम भागवलं जातं. ‘नवीन ताटली, नवीन तेल, वेगळा तवा’ हे तीन शब्दप्रयोग तसेच्या तसे उच्चारा. त्याहून सोपं म्हणजे आमटी-भात आणि सोलकढी. आमटी पिठाने दाट केलेली नाही ना, एवढं विचारा. कोंबडी-वड्यातल्या वड्यात गहू असू शकतो. आंबोळी, घावन चांगले, तव्याची अट तीच.

दम बिर्याणीच्या हंडीचं झाकण कणकेने बंद करतात, आणि ते फोडताना तुकडे आत पडतात. चायनीज सोडूनच द्या: सोया सॉस गव्हाचा, मंच्युरियन मैद्याचं, कढई एकच. तंदुरी चिकनच्या शेजारी नान चिकटलेला असतो. बिअर बार्लीची.

या सगळ्यात एक सोय मात्र आपल्या परंपरेनेच करून ठेवलीय: उपवास. उपवासाच्या पदार्थांत गहू नाही, आणि सहसा हिंगही नाही. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी. आषाढी एकादशीला अनेक हॉटेलं उपवासाची कढईही वेगळी ठेवतात. एरवी मात्र साबुदाणा वडा समोशाच्याच तेलात जातो, तेव्हा खिचडी बरी. तुमच्या आजाराचं नाव ज्याला उच्चारता येत नाही, तो आचारीही ‘उपासाच्या भांड्यात करा’ म्हटलं की बरोबर समजतो.

वेळेचं म्हणाल तर दुपारी साडेबाराच्या आत किंवा संध्याकाळी सातला. गर्दीत चांगला आचारीही चुकतो. फोन तीन ते पाचच्या दरम्यान करा, आणि बोलणं कॅप्टनशी किंवा मालकाशी. सोबत मराठी आणि हिंदीत लिहिलेलं कार्ड ठेवा, कारण आचारी बिहारचा किंवा नेपाळचा असू शकतो. त्यावर तीनच ओळी हव्यात: ‘कणीक, मैदा, रवा, हिंग यांनी मी आजारी पडतो. भांडं, पळी, तेल वेगळं वापरा. हात साबणाने धुवा.’ सॅनिटायझरने पीठ जात नाही, म्हणून साबण लिहायचाच. 10 किंवा जास्त शाखांच्या साखळी हॉटेलांना ॲलर्जनची माहिती देणं बंधनकारक आहे. तो तक्ता मागा, पण त्यात घटक असतात, तव्याचा इतिहास नसतो.

इतकं करूनही भातावर कुरडई ठेवलेली प्लेट आली, तर ती परत पाठवू नका. आत नेऊन कुरडई उचलतात आणि तोच भात पुन्हा येतो. नवीन प्लेट समोर येईपर्यंत जुनी टेबलावरच राहू द्या.